बेदाण्याच्या गावाहून कॉफीच्या खळ्यावर

दिवस पहिला

मिरजेच्या फलाटावर बाबांनी दोन किलो बेदाण्याची पिशवी हातात दिली आणि म्हणाले, "खळ्यावर माल असताना ढग आला तर ती माणसं काय करतात, तेवढं नीट बघून ये." आम्ही तासगावचे. आमच्याकडे फेब्रुवारीत बेदाण्याची शेड सुरू झाली की एप्रिल संपेपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघतं. जानेवारीचा पहिला आठवडा तेवढा मोकळा असतो. माझी मावसबहीण चिक्कमगळुरूला एका कॉफीवाल्या घरात दिली आहे. गेली चार वर्षं ती बोलावत होती, "तोडणी चालू असताना ये, एरवी येऊन काय बघणार?" या वर्षी जमलं.

हुबळी, दावणगेरे झोपेतच गेली. बिरूर गेल्यावर जाग आली आणि पहाटे कडूरला उतरले. तिथून पुढचा साधारण चाळीस किलोमीटरचा रस्ता आधी नारळ-सुपारीच्या सपाटीतून जातो, मग समोर निळसर डोंगर उभे राहतात. चिक्कमगळुरू म्हणजे धाकट्या लेकीचं गाव: चिक्क म्हणजे धाकटी, मगळु म्हणजे मुलगी, ऊरु म्हणजे गाव. कुण्या राजाने ते धाकट्या मुलीला आंदण दिलं, अशी कथा आहे. आमची ताईही घरात धाकटीच. गडहिंग्लजहून इथे आली तेव्हा मावशी हीच कथा सगळ्यांना सांगत होती.

ताईचं सासर कैमराच्या पुढे, बाबाबुडनगिरीच्या उतारावर आहे. कौलारू घर, पुढे लांबलचक पडवी, पडवीपुढे सिमेंटचं खळं. खळ्याला ते 'कण' म्हणतात. जमीन सहा एकर, सगळी अरेबिका जातीची कॉफी. कॉफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेकडो एकरांची इस्टेट येते, पण भारतातले बहुतेक कॉफीवाले असेच, दहा हेक्टरच्या आतले. या घराचा सगळा माल मिळून वर्षाला अकरा-बाराशे किलो हिरवी, म्हणजे न भाजलेली, कॉफी होते. त्यातली जेमतेम अडीचशे किलो ते 'स्पेशालिटी', म्हणजे खास निवडक प्रतीची कॉफी, म्हणून वेगळी काढतात. मी आले होते ती या अडीचशे किलोंसाठी.

अज्जींनी, म्हणजे ताईच्या आजेसासूबाईंनी, आल्याआल्या पितळी पेल्यात बेल्ल कापी दिली. बेल्ल म्हणजे गूळ. दूध नाही. पातेल्यात पाणी, गूळ आणि घरीच भाजून कुटलेली पूड उकळायची आणि गाळून घ्यायची. थंडीत तो पेला दोन्ही हातांत धरून बसायला फार बरं वाटलं.

संध्याकाळी मामांबरोबर (ताईचे सासरे, मीही त्यांना मामाच म्हणते) बाग फिरले. बाग कसली, ते जंगलच वाटतं. वर सिल्व्हर ओक, फणस, उंबर, आणि आपला पांगारा; सिल्व्हर ओकवर मिरीचे वेल चढलेले; आणि या सगळ्यांच्या खाली, छातीइतक्या उंचीची कॉफी. द्राक्षबागेत पानावर नीट ऊन पडावं म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो. इथे मामा वर बघत सांगत होते, कुठली फांदी पावसाळ्याआधी उतरवायची आणि कुठली ठेवायची, म्हणजे खाली किती सावली राहील. सावली फार झाली तर फुलं कमी आणि रोग जास्त. सावली कमी पडली तर खोडकिडा.

त्या किड्याने मारलेली झाडं त्यांनी दाखवली. पांढरा खोडकिडा हा भारतातल्या अरेबिकाचा सगळ्यात मोठा शत्रू. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी खोड पोखरत जाते आणि बाहेरून दिसायला पानं पिवळी पडतात तोवर आत काही उरलेलं नसतं. औषध आत पोचत नाही. वर्षातून दोनदा झाड न् झाड तपासायचं, खोडावरची सैल साल काथ्याच्या हातमोज्याने घासून काढायची, आणि लागलेलं झाड मुळासकट उपटून जाळायचं. गेल्या वर्षी मामांनी साठ झाडं जाळली. त्यातली काही त्यांच्या वडिलांनी लावलेली होती. हे सांगताना ते क्षणभर थांबले आणि शेजारच्या झाडाच्या खोडावरून हात फिरवून पुढे चालू लागले.

दिवस दुसरा

सकाळी साडेसातला तोडणी. पानांवर दव इतकं होतं की दहा मिनिटांत बाह्या चिंब झाल्या.

कॉफीचं फळ बोराहून लहान, फांदीला चिकटून घोसाने लागतं. अडचण अशी की एकाच घोसात लालभडक फळ असतं, केशरी असतं आणि हिरवंही असतं. पिकलेल्याला इथे 'हण्णु' म्हणतात, कच्च्याला 'कायी'. कारण फुलोऱ्यात आहे. मार्च-एप्रिलमध्ये वळवाचा एक चांगला इंचभर पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत अख्खी बाग पांढरीशुभ्र होते, मोगऱ्यासारखा वास सुटतो. तो पाऊस एकदाच भरपूर झाला तर फळं बरीचशी बरोबरीने पिकतात. तुकड्यातुकड्याने झाला तर फुलोराही तुकड्यातुकड्याने येतो आणि आठ-नऊ महिन्यांनी तोडणीत त्याचा हिशोब चुकवावा लागतो.

साधी पद्धत म्हणजे बहुतेक फळ पिकलं की फांदी मुठीत धरून ओरबाडायची. मग त्यात कच्चं आलं काय आणि अतिपिकलेलं आलं काय. स्पेशालिटीसाठी तसं चालत नाही. फक्त लाल, तेही पूर्ण लाल. दोन बोटांत धरून किंचित पिळायचं, म्हणजे देठाशी पेर दुखावत नाही. पंधरा दिवसांनी त्याच झाडाकडे परत यायचं, पुन्हा फक्त लाल. नोव्हेंबरपासून ही या बागेची चौथी फेरी होती.

भाओजींनी खिशातून नळकांडं काढलं आणि मी ओरडलेच, "अहो, हे तर आमचं ब्रिक्समीटर!" तेच यंत्र. द्राक्षाचा थेंब टाकून आम्ही बेदाण्यासाठी साखर २२-२३ च्या वर गेली का बघतो, ते कॉफीच्या फळाच्या गराचा थेंब टाकतात. त्या दिवशी २१ दाखवत होतं. मी एक फळ तोंडात टाकलं. साल जाड, आत नखभरही गर नाही, पण जो काही बुळबुळीत थर आहे तो लिचीसारखा गोड. मग दोन बिया, सपाट बाजूने एकमेकींना चिकटलेल्या.

तोडायला सहा बायका आणि दोन पुरुष होते, त्यांतले चौघे आसामहून आलेले. या सगळ्या पट्ट्यात आता तोडणीला आसाम, झारखंडकडची कुटुंबं येतात. स्थानिक मजूर पुरत नाहीत. इथे मला या सगळ्या सफरीतली सगळ्यात मोलाची गोष्ट कळली. तोडणीची मजुरी सहसा किलोवर असते. जितकं जास्त तोडाल तितके पैसे. आता किलोवर पैसे देऊन कुणाला "फक्त लाल तोड" म्हणणं म्हणजे त्याला "कमी कमव" म्हणणं आहे. ओरबाडलं तर पोतं दुपारपर्यंत भरतं, निवडून तोडलं तर संध्याकाळपर्यंत निम्मं-पाऊण. भाओजींनी पहिल्या वर्षी किलोचा दर थोडा वाढवून बघितला, कच्चं येतच राहिलं. दुसऱ्या वर्षापासून या अडीचशे किलोंच्या तोडणीला रोजाने पैसे, तेही नेहमीच्या रोजापेक्षा जास्त. तेव्हापासून टोपलीत हिरवं फळ दिसत नाही.

मी दिवसभर तोडलं. संध्याकाळी वजन झालं, माझं सतरा किलो. माझ्या शेजारच्या ओळीत आसामची जी मावशी होती तिचं बेचाळीस, आणि तिच्या टोपलीत केशरी एकही नाही. पाच-सहा किलो फळातून एक किलो हिरवी कॉफी मिळते, भाजली की तीही सहावा-सातवा हिस्सा घटते. म्हणजे माझ्या अख्ख्या दिवसाची कॉफी भाजून तीन किलोसुद्धा भरली नसती.

रात्री अक्कि रोट्टी, वांग्याची भाजी आणि झोप.

दिवस तिसरा

तोडलेलं फळ त्याच दिवशी पल्परला जायला हवं, नाहीतर पोत्यातच आंबायला लागतं. त्यामुळे आदल्या रात्री मी झोपले तरी घर जागं होतं. आधी फळ पाण्याच्या टाकीत ओततात. किडकं, पोकळ, हलकं वर तरंगतं ते बाजूला काढतात. जड ते खाली बसतं, तेवढंच पुढे जातं. पल्पर साल काढतो. बी बाहेर पडते ती चिकट, हातात धरली तर निसटून जाईल अशी. तशीच टाकीत ठेवायची, पाण्याशिवाय, म्हणजे तो चिकट थर आंबून सुटतो. खाली शहराकडच्या उबेत हे लवकर होतं, वर थंडीत जवळपास अख्खा दिवस तरी लागतो.

झालं कधी हे कसं कळतं? मामांनी माझा हात धरून टाकीत घातला. मूठभर बिया चोळायला लावल्या. अजून गुळगुळीत होत्या. दुपारी परत बोलावलं, तरी नाही. संध्याकाळी सातला चोळल्या तर खडे एकमेकांवर घासावेत तसा कर्र आवाज आला. मामा म्हणाले, "आता." ताबडतोब धुवायला घेतल्या. अर्धा दिवस उशीर झाला असता तर कपात आंबूस वास उतरला असता आणि तो कशानेच गेला नसता. धुतलेलं पाणी ओढ्यात सोडत नाहीत. त्याने खालच्या गावाचं पाणी नासतं. त्यासाठी वेगळा खड्डा आहे, आणि सालीचं खत होतं.

धुतलेली बी वाळते ती पार्चमेंट, म्हणजे तांदळाला तूस असतं तसं एक पिवळसर कवच तिच्यावर राहतं. पार्चमेंट नेहमीच्या मालासाठी खळ्यावर पसरतात, या खास मालासाठी जमिनीपासून कंबरेइतक्या उंच जाळीच्या मांडवांवर. आमच्या बेदाण्याच्या रॅकसारखेच मांडव, फक्त एकाच मजल्याचे. वरून ऊन, खालून वारा. दर तासाला हाताने उलथायचं. भर दुपारी ऊन तापलं की शेडनेट ओढायचं, नाहीतर कवच तडकतं. आठ-दहा दिवसांनी ओल ११ टक्क्यांच्या आसपास आली की उतरवायचं. मी उलथत असताना मनात आलं, आमची द्राक्षं उन्हात पिकतात आणि सावलीत वाळतात. ही सावलीत पिकते आणि उन्हात वाळते.

शेवटच्या दोन मांडवांवर आणखी एक प्रकार होता. अख्खं फळ, सालीसकट, तसंच वाळत घातलेलं. याला नॅचरल म्हणतात. तीन आठवडे लागतात. अर्धवट वाळलेली ती फळं काळपट, सुरकुतलेली. मी पिशवीतला बाबांचा बेदाणा आणून शेजारी ठेवला. अज्जी दोन्ही हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या.

रात्री दीडला दार वाजलं. "मळे! मळे बंतु!" झोपेत मला वाटलं कुणी मळ्यांबद्दल बोलतंय. कानडीत मळे म्हणजे पाऊस.

बाहेर आले तेव्हा अज्जीसुद्धा अंगणात होत्या. थेंब अजून मोजण्याइतकेच होते, पण वारा सुटला होता. रात्रीसाठी मांडव झाकलेलेच असतात, पण ताडपत्रीच्या कडा फडफडत होत्या. भाओजी आणि मजुरांनी दगड लावले, ताई आणि मी खळ्यावरचं पार्चमेंट फळीने ढकलून ढीग केले, त्यावर ताडपत्री ओढली. नॅचरलच्या मांडवांवर मामा आणि अज्जी दोघं दोन कडा धरून उभे राहिले, कारण एकदा का त्या फळांना पाणी लागलं की बुरशी. कुणी काही बोलत नव्हतं. मला प्रत्येक हालचाल ओळखीची होती. आमच्या शेडवर अशा रात्री बाबा पडद्यांची दोरी ओढतात तेव्हा त्यांचा चेहरा असाच दिसतो.

वीस मिनिटांत ढग पुढे सरकला. मामा मात्र घरात आले नाहीत. त्यांना वेगळीच काळजी होती. जानेवारीत जोराचा पाऊस झाला तर झाडावर पिकलेलं फळ असतानाच अवेळी फुलोरा येतो. मग तोडायला गेलं तर पुढच्या वर्षीची फुलं झडतात, न तोडलं तर यंदाचं फळ गळून जातं. त्यांनी अंगणातल्या पर्जन्यमापकात टॉर्च टाकून बघितलं. एक मिलिमीटरही भरलं नव्हतं. तेव्हा कुठे हसले.

दिवस चौथा

सकाळी सगळे उशिरा उठले. ताईने मला डोंगरावर नेलं.

बाबाबुडनगिरीला आपल्याकडून लोक दत्तपीठ म्हणून येतात. गुहेत दत्तात्रेयांच्या पादुका आहेत आणि तेच बाबा बुडन यांचं स्थान आहे. दोन्ही नावांनी माणसं तिथे डोकं टेकवतात. जागेवरून वाद आहे, पोलीस बंदोबस्तही असतो. दत्तजयंतीची गर्दी ओसरली होती, त्यामुळे शांतपणे दर्शन झालं. कथा अशी, की १७ व्या शतकात बाबा बुडन मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया घेऊन आले आणि त्यांनी त्या इथे रुजवल्या. तिथून बाहेर जाणारी कॉफी उगवू नये म्हणून उकडून किंवा भाजूनच पाठवत, असं म्हणतात. सात बिया मुठीत किती लहान दिसतात, ते मी आदल्याच दिवशी मोजून बघितलं होतं.

पुढे मुळ्ळय्यनगिरी, साधारण १९३० मीटर, कर्नाटकातलं सर्वोच्च शिखर. वर नुसतं गवत आणि वारा. खाली बघितलं तर घळींमध्ये गर्द हिरवी चादर, ती सगळी कॉफी. या डोंगरातल्या कॉफीला 'बाबाबुडनगिरीज अरेबिका' म्हणून आणि जिल्ह्यातल्या कॉफीला 'चिकमगळूर अरेबिका' म्हणून २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या सांगलीच्या बेदाण्यालाही आहे. मानांकन मिळून दारात भाव किती वाढला, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "व्यापाऱ्याला गोणी दिली की नाव गोणीबरोबर जातं आणि तिथेच मिसळून जातं." आमच्याकडेही हेच आहे, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

दिवस पाचवा

गावात एका छोट्या भट्टीवाल्याकडे या वर्षीच्या पहिल्या फेरीच्या मालाची चाचणी होती. याला कपिंग म्हणतात. मामा आले नाहीत. भाओजी सकाळपासून गप्प होते.

लांब टेबलावर काचेचे पेले, प्रत्येकात ८ ग्रॅमहून थोडी जास्त पूड. आधी कोरडीच हुंगायची. मग उकळीच्या किंचित खालचं पाणी. चार मिनिटं थांबायचं, वर साय धरल्यासारखा थर येतो, तो चमच्याने मोडायचा, आणि मोडताना नाक अगदी पेल्यात. नंतर चमच्याने सुर्रकन ओढून प्यायचं, म्हणजे घोट सगळ्या तोंडात फवाऱ्यासारखा पसरतो. परीक्षक वास, चव, आंबटपणा, घोटाचा जडपणा, मागे रेंगाळणारी चव, सगळ्याला वेगवेगळे गुण देतो. १०० पैकी ८० किंवा जास्त मिळाले तर ती स्पेशालिटी. म्हणजे स्पेशालिटी हे काही वेगळ्या झाडाचं नाव नाही. या बागेतलं झाड एस ७९५ नावाच्या वाणाचं आहे, बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राने १९४० च्या दशकात दिलेलं, या डोंगरात जिकडेतिकडे असलेलं. त्याच झाडाचं ओरबाडलेलं फळ व्यापाऱ्याच्या गोणीत जातं आणि चार फेऱ्यांत वेचलेलं या टेबलावर येतं.

पहिला पेला धुतलेल्या मालाचा. मला सांगता येईल असं काही वाटलं नव्हतं, पण दुसऱ्याच घोटाला ओळखीचं काही लागलं. चिंच आणि गूळ. आमटी उकळताना येतो तसा वास, मागे किंचित लवंग. मी घाबरत बोलले. परीक्षक मान डोलावून म्हणाले, बरोबर आहे, या वाणात हे बऱ्याचदा सापडतं.

दुसरा पेला नॅचरलचा. मी चमचा ओढला आणि डोळे मिटले. आमची शेड. एप्रिलच्या दुपारी रॅकवरून माल उतरवताना जो गोड, जड, थोडा दारूकडे झुकणारा वास येतो, तोच. मी म्हटलं, "बेदाणा." परीक्षकांनी त्यांचा कागद फिरवून दाखवला. तिथे इंग्रजीत तेच लिहिलं होतं.

धुतलेल्याला ८३ च्या वर मिळाले, नॅचरलला ८५. भाओजींनी मामांना फोन लावला, आकडे सांगितले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

परत येताना गाडीत ते खूप बोलले. त्यांच्या आजोबांच्या काळात सगळी कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावी लागे. चांगली-वाईट सगळी एकत्र जाई, पैसे हप्त्याहप्त्याने येत. नव्वदच्या दशकात विक्री मोकळी झाली, पण मग भाव न्यूयॉर्कच्या बाजारावर. आता सगळे कॉफीवाले सकाळी उठून फोनमध्ये तिथला आकडा बघतात. "तो आकडा माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "या अडीचशे किलोंना मी स्वतः किंमत सांगतो आणि घेणारा विचारतो, कुठल्या बांधावरची आहे." अख्खी सहा एकर अशी का काढत नाही, असं मी विचारलं. तेवढे हात नाहीत, मांडव नाहीत, आणि तेवढं घेणारंही कुणी नाही. दरवर्षी पन्नास किलो वाढवायची, त्यापलीकडे उडी नाही. मला हे फार पटलं.

रात्री भट्टीवाल्याने दिलेली पूड ताईने अज्जींसाठी केली, दूध-गूळ न घालता. अज्जींनी दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला. "हुळी," म्हणाल्या. आंबट. आणि उठून स्वतःसाठी बेल्ल कापी ठेवली. भाओजींना वाईट वाटलं नाही. त्यांनी अज्जींच्या पातेल्यातून आपलाही पेला भरून घेतला.

दिवस सहावा

कडूरपर्यंत मामा सोडायला आले. पिशवीत एक किलो भाजलेली कॉफी, थोडी मिरी, आणि एका डब्यात वाळलेली नॅचरलची फळं, सालीसकट, बाबांना दाखवायला. बेदाण्याची पिशवी अज्जींनी देवघरात ठेवली होती, संक्रांतीला वाटायला.

मिरजेला उतरले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बाबा गाडी घेऊन आले होते. घरी पोचल्यावर त्यांनी दिव्याखाली ती फळं तळहातावर घेतली, चोळली, कानाशी नेऊन खुळखुळवली, दाताखाली धरली. मग मी त्यांना पावसाची रात्र सांगितली, आणि रोजावरच्या तोडणीचं सांगितलं. आमच्याकडे बेदाण्याची द्राक्षं उतरवायला टोळी असते आणि हिशोब वजनावर. अख्खी बाग दोन दिवसांत एकदम खाली होते, त्यात २४ ब्रिक्सचा घडही असतो आणि १८ चाही. मी म्हटलं, यंदा एक रॅक मला द्या. टोळीतल्या चार बायका रोजाने, जास्त रोजाने, आणि फक्त पिकलेला घड. राहिलेले आठ दिवसांनी.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. फळ दाताखाली तसंच होतं.

"एक रॅक," ते म्हणाले. "पण त्या रॅकचे पडदे रात्री तूच ओढायचे."